तळ्यातला मासा कोणाचा?

श्रोतेहो, आपल्याकडे एक म्हण आहे, ‘तळे राखी तो पाणी चाखी’. ही म्हण आपण बहुधा थट्टेने वापरतो. कोठीवाल्याने पसाभर धान्य घरी नेले, की आपण हसून म्हणतो, चालायचेच, तळे राखी तो पाणी चाखी. पण या म्हणीत थट्टेखाली एक रोकडा व्यवहारही आहे. तळे ही राखण्याची वस्तू आहे. ते आपोआप टिकत नाही. पाळ खचते, गाळ साचतो, मोरी फुटते. म्हणून त्याला राखणदार लागतो, आणि राखणदाराला त्यातून काही मिळावे लागते. नाहीतर तो राखील कशाला? आज जो इतिहास मी सांगणार आहे तो या व्यवहाराचाच आहे. फक्त पाण्याच्या जोडीला मी तळ्यातला मासा घेणार आहे. कारण पाण्याचे भांडण सर्वांना दिसते, माशाचे भांडण पाण्याखाली राहते.

पूर्व विदर्भाचा, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा, नकाशा समोर धरा. मधून वैनगंगा वाहते; चुलबंद, गाढवी अशा नद्या तिला येऊन मिळतात. पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आणि या साऱ्या मुलखावर, जसे काही कुणी आरशाचे तुकडे विखरून टाकावेत, तशी तळी पसरलेली आहेत. त्यांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात आहे. सरकारी दप्तरात त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. लोकांनी त्यातली आद्याक्षरे उचलून ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव केले आहे. शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. ही तळी निसर्गाने दिलेली नव्हेत, बरं का. बहुतेक सर्व माणसांनी बांधलेली आहेत, आणि तीही यंत्रे नसताना.

माणसाने तळे बांधले की लगेच प्रश्न उभा राहतो, त्यातल्या माशाचा मालक कोण? हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जनपद वसविण्याचा विचार आहे. तिथे बांधलेल्या जलाशयांतले मासे, नावा आणि पाण्यात उगवणारी भाजी यांवर राजाची मालकी सांगितली आहे. म्हणजे राज्यकर्त्यांची नजर माशावर पहिल्यापासून होती. सम्राट अशोकाने मात्र दुसरी बाजू पाहिली. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात पशुपक्ष्यांच्या रक्षणाची मोठी यादी आहे. ठराविक पर्वदिवशी मासे मारू नयेत व विकूही नयेत, असेही त्यात आहे. त्या दिवशी हत्तींच्या वनांत आणि केवटांच्या राखीव जागांत इतर प्राण्यांनाही मारू नये, असे तो बजावतो. केवट म्हणजे मासेमार. बाविसशे वर्षांपूर्वी मासेमारांची स्वतंत्र राखीव जागा होती, आणि तिथेही काही दिवस हात आवरावा असा नियम होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आणखी एक दाखला आपल्या शेजारचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांसाठी अभ्यासक ज्या ग्रंथाकडे जातात तो हाच. त्यात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरण आहे. माशांचे नाना प्रकार, ते कुठे राहतात, कोणता मासा काय खातो, गळाला काय लावावे, हे सारे तिथे बारकाईने सांगितले आहे. राजाला तो विनोद होता; पण ही माहिती राजाने कुठून मिळवली असेल? पाण्यात जन्म काढणाऱ्या माणसांकडूनच. त्या माणसांची नावे ग्रंथात नाहीत. इतिहासात हे असेच होते. जाळे टाकणारा विस्मरणात जातो आणि ताटावर बसणारा लक्षात राहतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चांद्याच्या गोंड राजांच्या अमदानीत ही तळी मोठ्या प्रमाणावर बांधली गेली. परंपरा अशी सांगते की हिरशहा राजाने दवंडी पिटवली : जो जंगल तोडून गाव वसवील, त्याला त्या गावाची मालकी, आणि जो तळे बांधील, त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन. दवंडी नेमकी याच शब्दांत झाली की नाही हे सोडून द्या. पण या धोरणातले शहाणपण पाहा. राजाने खजिना फोडला नाही. ज्याचे तळे मोठे आणि पाळ मजबूत, त्याची जमीन मोठी. म्हणजे काम चांगले करण्यातच करणाऱ्याचा लाभ होता.

हे काम ज्यांनी केले त्यांत कोहळी समाजाचे नाव सर्वांत पुढे आहे. हे लोक काशीकडून आले अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. तळे बांधण्यातले त्यांचे कौशल्य इंग्रज अधिकाऱ्यांनीही नोंदवले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यांत कोहळ्यांची ओळखच मुळी तळी बांधणारे म्हणून आहे. मोजणीची उपकरणे नसताना त्यांनी जागा अशा निवडल्या, की दोन टेकड्यांच्या मधली फट मातीच्या पाळीने बुजवली तरी मागे अफाट पाणी साठावे. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध पाहा. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचा हा जलाशय, सभोवती टेकड्या, आणि मधल्या खिंडी तेवढ्या बांधलेल्या. तो कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरेने मानले जाते. पुष्कळ ठिकाणी तळी एकाखाली एक अशी ओवलेली आहेत. वरच्या तळ्याचा सांडवा वाहू लागला की पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या. एक थेंब वाया जायचा नाही.

हा खटाटोप मुख्यतः धानासाठी होता. इथे पाऊस पुष्कळ, पण बेभरवशाचा. धान लोंबीवर येते त्या सुमारास, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, पावसाने दडी मारली तर उभे पीक हातचे जाते. त्या पंधरवड्यात तळ्याची मोरी उघडली की पीक तरते. म्हणून तळे म्हणजे धानाचा विमा होता. मासा हा त्यातला दुसरा लाभ. पण दुसरा म्हणजे दुय्यम नव्हे. ज्यांना जमीन नव्हती त्यांच्यासाठी तोच पहिला होता.

अशी माणसे म्हणजे ढिवर. कुठे त्यांना धीमर म्हणतात. पालखी वाहणे, पाणी भरणे, डोंगा चालवणे, शिंगाड्याची लागवड करणे, रानात ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळणे आणि मासे धरणे, असे यांचे नाना उद्योग. बायका टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव मासे विकत. मोबदल्यात पैशापेक्षा धान अधिक मिळे. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला आणि पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी दिली. तेव्हा तळेही मालगुजाराचे झाले. तथापि गावाच्या रूढी एका कागदात लिहून ठेवल्या जात. त्या कागदाचे नाव ‘वाजिब-उल-अर्ज’. पाणी कुणी किती घ्यावे, वाट कुठून, चराई कुठे, याची वहिवाट तिथे नोंदलेली असे. 

हा काळ रामराज्याचा होता असे मात्र कुणी समजू नये. मालगुजाराचा शब्द गावात अखेरचा होता. माशातला वाटा त्याच्या घरी आधी जाई. वेठबिगार होतीच, आणि ढिवराची जागा गावाच्या उतरंडीत फार खाली होती. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. तळे फुटले तर मालगुजाराचा धान बुडे, कुळांचा धान बुडे आणि ढिवराचा मासाही जाई. नुकसान सर्वांचे होते, म्हणून उन्हाळ्यात पाळीवर माती घालायला सारा गाव येई. गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. तळे उथळ होत नसे आणि शेताला खत मिळे.

श्रोतेहो, इथे थोडे थांबून तळ्याचे वर्ष कसे सरते ते पाहू. कारण हे कळल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. मृगाचा पाऊस पडला, ओढे वाहू लागले, सांडव्यावरून पाणी शेतांत शिरले, की देशी मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. उथळ पाण्यात, धानाच्या बांध्यांत, काठच्या गवतात ते अंडी घालतात. मरळीची जोडी पाणवनस्पतींत जागा साफ करून अंडी सोडते, आणि पिले मोठी होईतो आईबाप त्यांच्यावर पहारा देतात. तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर दिसला की खाली मरळ आहे हे ढिवराचे पोरही सांगते. मागूर आणि शिंगी हे मासे वरची हवाही घेऊ शकतात, म्हणून पाणी आटून चिखल उरला तरी ते जगतात. वाम तळाशी राहते, झिंगे गवताच्या मुळांशी. 

या सगळ्यांना आसरा असतो पाण्यातल्या हिरवाईचा. काही वनस्पती सर्वस्वी पाण्याखाली राहतात, काहींची पाने वर तरंगतात, काही काठाला उभ्या असतात. पिलांना लपायला जागा तिथेच, गोगलगायी आणि किडे तिथेच, आणि पाणी नितळ ठेवण्याचे कामही त्यांचेच. कमळ, शिंगाडा आणि देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात, ही वरकड कमाई. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके येतात. सारस काठाशी आणि धानाच्या बांध्यांत घरटे करतो. आता यातले मर्म लक्षात घ्या. या तळ्यात मासा होता, पण त्याचे बीज कुणी विकत आणत नव्हते. बीज तळेच देत होते. ढिवराचे भांडवल बँकेत नव्हते. ते काठच्या गवतात होते.

आता स्वातंत्र्यानंतरचा काळ. त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेशात होता. १९५० मध्ये तिथे मालकी हक्क नाहीसे करण्याचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. ज्या तळ्यांवर गावाचे हक्क होते ती सरकारकडे आली. नोव्हेंबर १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. तळी या खात्याकडून त्या खात्याकडे फिरत राहिली. पाण्याचा कर एकीकडे आणि निस्ताराचा, म्हणजे गावाच्या वहिवाटीचा, हक्क दुसरीकडे, असे वाद माजले. मालक बदलला हे सर्वांना कळले. राखणदार कोण, हे मात्र ठरलेच नाही. पाळीवर माती घालायला गाव जाईना, कारण तळे सरकारचे. सरकारी माणूस दरवर्षी येईना, कारण तळी हजारो. आपली म्हण इथे मोडली. राखी कुणी नाही, चाखी मात्र सगळे.

मासेमारीचे हक्क पुढे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे आले. तळे काही वर्षांच्या ठेक्याने संस्थेला मिळू लागले. ही मोठी सुधारणा होती, यात शंका नाही. ज्याला मालगुजाराच्या दारात उभे राहावे लागत होते, तो आता संस्थेचा सभासद झाला, त्याचे नाव कागदावर आले. पण ठेका आला तशी ठेक्याची रक्कमही आली. रक्कम भरायची तर उत्पन्न वाढवायला हवे, आणि ते वाढवण्याचा एक नवा मार्ग याच सुमारास खुला झाला होता.

त्याची हकीकत अशी. रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या देशातले मोठे, चवदार, भराभर वाढणारे मासे. पण ते पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात सहसा घालत नाहीत. म्हणून त्यांचे बीज बंगालकडच्या नद्यांतून गोळा करून दूरदूर पाठवावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. हा शोध फार मोठा. आजही १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. या शोधामुळे माशाचे बीज धान्याच्या बियाण्यासारखे केंद्रात तयार होऊ लागले. कटला वरच्या थरातले खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाचे. म्हणजे एकाच तळ्यात तीन मजली शेती. पुढे परदेशी जातीही आल्या. टिलापिया १९५२ मध्ये आला होता. चंदेरी कार्प आणि गवत्या कार्प १९५९ मध्ये आले. सायप्रिनस, ज्याला साधा कार्प म्हणतात, तो तर १९३९ मध्येच भारतात पोहोचला होता.

यातून उत्पन्न वाढले, शहरांना मासा मिळाला, पुष्कळ घरांची चूल पेटली. हे श्रेय द्यायलाच हवे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने जमेबरोबर खर्चाची बाजूही वाचायची असते. गवत्या कार्प नावाप्रमाणे पाण्यातले गवत खातो. साधा कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि कोवळ्या वनस्पती उपटतो. ज्या गवतात मरळीची पिले वाढत, तेच नाहीसे झाले. टिलापिया इतका पिलावतो की दुसऱ्यांना खायला उरत नाही. शिवाय मोठ्या तळ्यात सोडलेले बोटुकले पहिल्या पुरात सांडव्यावरून निघून गेले, की संस्थेचे पैसे वाहून गेले. धानासाठी मोरी उघडली आणि तळे माघ-फाल्गुनातच आटले, तर मासा वाढायच्या आधीच विकावा लागतो. पुढच्या वर्षी पुन्हा बीज विकत. पूर्वी तळेच बीज देत होते. आता ढिवर दरवर्षी बीजासाठी पैसे शोधू लागला. 

याच्या जोडीला इतर संकटे आली. काठाने बेशरमाची झाडी माजली. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे झुडूप जनावर खात नाही, पाण्यात कुजत नाही आणि काठाची उथळ जागा गिळून टाकते. शेतातली रासायनिक खते वाहून तळ्यात आली, तसे नको ते शेवाळ वाढले. गाळपेरीच्या नावाखाली पोटातल्या जमिनीवर अतिक्रमणे झाली. देशी माशांच्या कितीतरी जाती जाळ्यात दिसेनाशा झाल्या. महाराष्ट्रात सारस आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यापुरता उरला आहे, आणि तोही थोडका. पक्ष्याची गोष्ट माशाहून वेगळी नाही. दोघांचे घर एकच.

हा पेच आपल्याकडेच आहे असे नव्हे. युरोपात बोहेमियाच्या दक्षिणेला, आजच्या चेक देशात, ट्रेबोन नावाचा परगणा आहे. तिथेही सारी तळी माणसाने बांधलेली, आणि तीही खास माशांसाठी. स्टेपानेक नेटोलिकी याने १५०५ ते १५२० या काळात तळ्यांना पाणी पुरवणारा लांबलचक कालवा काढला, आणि याकुब क्र्चिन याने १५९० मध्ये रोझम्बर्क नावाचे प्रचंड तळे पुरे केले. आपल्याकडे कोहळी, तिकडे हे लोक. तिथे शरद ऋतूत तळे रिकामे करून मासा धरतात, आणि तो मासा नाताळच्या जेवणात घरोघर असतो. जुन्या काळी एखादे तळे एक उन्हाळाभर कोरडे ठेवून तळात धान्य पेरण्याचीही रीत होती, म्हणजे तळ ताजा होतो. विसाव्या शतकात तिथेही खत आणि खाद्य घालून माशांची संख्या अतोनात वाढवली. पाणी गढूळ झाले, काठचे बोरू कमी झाले, पाणपक्षी घटले. १९९० मध्ये या तळ्यांची नोंद रामसर कराराखाली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली, आणि तेव्हापासून एकच वाद तिथे चालू आहे : तळ्यात मासा किती सोडावा? शेकडो वर्षे मासे पाळणाऱ्या देशालाही हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, एवढे आपण त्यातून घ्यावे. मासे पाळणे बंद करा असे तिथे शहाणा माणूस म्हणत नाही. कारण मासा पाळणे थांबले तर तळे राखणारेही कुणी राहणार नाही.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. अर्जुनी-मोरगाव भागातल्या ढिवर मच्छीमारांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने, या शतकात काही तळ्यांवर एक काम केले आहे. त्यांनी उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटला. तळाचा काही भाग नांगरला. पाऊस पडल्यावर दुसऱ्या तळ्यांतून देशी पाणवनस्पती आणून लावल्या. गवत खाणारे आणि तळ उकरणारे मासे टाळले. अंडी घालण्याच्या दिवसांत हात आवरला. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान ढिवरांच्या जुन्या माणसांकडे होते; शास्त्र शिकलेल्यांनी ते लिहून घेतले आणि पडताळून पाहिले. बायकांचे बचत गट या कामात पुढे आले. देशी मासा परतला, आणि त्याबरोबर पक्षीही. अशोकाचा स्तंभलेख त्यांच्यातल्या किती जणांनी वाचला असेल कोण जाणे. पण ‘काही दिवस हात आवरा’ हा त्यातला विचार त्यांनी कृतीत आणला.

यावरून आपल्याला काही गोष्टी ठरवता येतील. पहिली अशी की तळ्यात रोहू-कटला सोडायला हरकत नाही, पण देशी माशाची जागा सोडून सोडा. सगळा काठ साफ करू नका. उथळ, गवताळ भाग राखून ठेवा. दुसरी, गाळ काढताना यंत्राने सगळे तळे सारखे खोल खरवडू नका. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, तिचा लाभ जरूर घ्या. पण मधला खड्डा खोल आणि काठ उतरता राहिला, तर उन्हाळ्यात माशाला डोह मिळतो आणि पावसाळ्यात पिलांना पाळणा. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. धानवाला आणि मासेवाला यांनी पावसाळ्याआधी एकत्र बसून ठरवावे, की मोरी कधी उघडायची आणि माशासाठी किती पाणी शिल्लक ठेवायचे. आज हे ठरते ते भांडणातून, आणि भांडणात ज्याच्या नावावर जमीन आहे तो जिंकतो. ढिवराच्या नावावर जमीन नसते.

कायद्याचे बळ अगदीच नाही असे नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे कायम आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे आणि पाणवठ्यांतली इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव समित्या आणि लोकांच्या जैवविविधतेची नोंदवही करायची आहे. पण नोंदवही लिहिणार कोण? इथे मला शिक्षक बंधुभगिनींची आठवण होते.

गुरुजी, आपल्या वर्गात ढिवरांची मुले असतील. शाळेच्या हजेरीत कदाचित ती मागे असतील. त्यांना एकदा फळ्याशी उभे करून विचारा, आपल्या तळ्यात किती प्रकारचे मासे आहेत? कोणता चिखलात राहतो, कोणता गवतात? आजीच्या वेळी कोणता होता, जो आता नाही? सगळी नावे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. कोणत्या महिन्यात तळे भरले, केव्हा आटले, हे मुलांकडून वर्षभर टिपून घ्या. ही वही गावाचा इतिहास होईल. राजाच्या ग्रंथात ज्यांची नावे आली नाहीत, त्यांचे ज्ञान निदान शाळेच्या वहीत तरी त्यांच्या नावाने येईल.

तर मग तळ्यातला मासा कोणाचा? कौटिल्य म्हणाला राजाचा. मालगुजार म्हणाला माझा. ठेक्याचा कागद म्हणतो, ज्याने रक्कम भरली त्याचा. हे सगळे हक्क पाण्यावरच्या रेघेसारखे आले आणि बदलले. इतिहास पाहता एक उत्तर मात्र अनेकदा खरे ठरलेले दिसते. जो मृगात जाळे आवरतो, उन्हाळ्यात पाळीवर माती टाकतो आणि काठचे गवत राखतो, मासा त्याच्या जाळ्यात पुन्हा येतो. म्हणून राखणदाराला त्याचा वाटा खात्रीने आणि दीर्घ मुदतीसाठी द्या. ज्याला पुढच्या वर्षी तळे आपल्याकडे राहील की नाही याचीच शंका आहे, तो पिले कशाला जगवील? तळे राखी तो पाणी चाखी, ही म्हण थट्टेतून बाहेर काढून व्यवहारात आणली, तर मामा तलावांतला मासा, सारस आणि ढिवर तिघेही तगतील. आणि तळे तगले तर धान तगेल, हे काही आपल्याकडच्या शेतकऱ्याला मी वेगळे सांगायला नको.